डक्टमधला तिरका शॉक: तक्ता, ओपनफोम की पाण्याचा टेबल?

आवाजापेक्षा वेगवान (सुपरसॉनिक) हवेला डक्टमध्ये, म्हणजे बंद नळीत, भिंतीने वळवलं की तिथे दाबाची एकदम उडी मारणारी तिरकी रेघ उठते; तोच तिरका शॉक. जळगाव-धुळ्याकडच्या मेकॅनिकलच्या पोरांनी शेवटच्या वर्षाला हा विषय घेतला की पहिला पेच साधनाचा: शॉकचे छापील तक्ते, ओपनफोम हे संगणकावर प्रवाह सोडवणारं सॉफ्टवेअर, की काचेवर पाणी सोडायचा टेबल? खऱ्या सुपरसॉनिक बोगद्याचा विचार आधीच सोडा. मॅक २ ला (आवाजाच्या दुप्पट वेगाला) पोचेपर्यंत ३०० केल्विनची हवा १६७ केल्विनवर, म्हणजे उणे १०६ अंश सेल्सिअसवर येते. हवा आधी वाळवली नाही तर तिच्यातली वाफच गोठते. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरचं ते काम नाही.

तक्ता आणि कॅल्क्युलेटर म्हटलं की पोरं नाक मुरडतात. पण माझं मत विचाराल तर सुरुवात तिथूनच. एनएसीए या अमेरिकी विमानविद्या संस्थेचा १९५३ चा ११३५ क्रमांकाचा अहवाल फुकट मिळतो, त्यात सगळे आलेख आहेत. मॅक २ ची हवा आणि खालच्या भिंतीला १० अंशांचा चढ घ्या. शॉकचा कोन येतो ३९.३ अंश, शॉकमागचा मॅक १.६४, दाब १.७१ पट. हा शॉक वरच्या सपाट भिंतीवर आपटून परततो तेव्हा कोन ४९.४. इथेच निम्मी पोरं आकृती चुकवतात. हा कोन मधल्या प्रवाहाशी मोजलेला असतो, आणि तो प्रवाह १० अंश कललेला आहे; भिंतीशी कोन ३९.४ च भरतो. मग वाटतं, आरशासारखं परावर्तन झालं. तो निव्वळ योगायोग. मॅक ३ ला हेच करा: पहिला कोन २७.४, परतीचा भिंतीशी जेमतेम २२.

मॅक २ च्या उदाहरणाकडे परत या. दोन शॉकनंतर मॅक उरला १.२८, दाब मूळच्या २.८ पट. परतलेला शॉक खाली पोचला तिथे चढ अजून संपलेला नसेल, तर हवेला पुन्हा १० अंश वळायचं आहे. पण या मॅकला सहा अंशांच्या थोडं वरपर्यंतच वळण झेपतं. नेहमीचं परावर्तन होत नाही. भिंतीजवळ शॉक जवळपास उभा राहतो, त्याच्यामागे सबसॉनिक (आवाजापेक्षा हळू) प्रवाह, आणि डक्ट चोक होण्याची, म्हणजे तेवढी हवा पुढे न जाण्याची भीती. पुढचं चित्र तक्ता सांगत नाही. कुठे थांबायचं ते मात्र वहीच्या एका पानात सांगतो.

तिथून पुढे ओपनफोम. त्यातल्या रोसेंट्रलफोम (rhoCentralFoam) या सॉल्व्हरसोबत, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रामसोबत, तिरक्या शॉकची तयार केस मिळते, साध्या लॅपटॉपवर चालते. भिंती आधी स्लिप (घर्षण नसलेल्या) ठेवा आणि दाब १.७१ पट येतो का ते बघा. तो न जुळताच रंगीत चित्रं रिपोर्टात चिकटवली, तर व्हायवाला पहिल्याच प्रश्नात अडकाल. शॉक मेशच्या (गणितासाठी पाडलेल्या जाळीच्या) तीन-चार सेलमध्ये, म्हणजे चौकटींमध्ये, पसरलेला दिसणारच. मेश तिथे बारीक करा, कूरांट आकडा (एका टाइमस्टेपमध्ये प्रवाह किती सेल ओलांडतो तो) ०.२ च्या आसपास. बाउंडरी लेअर (भिंतीलगतचा घर्षणाने मंदावलेला थर) नंतर घ्या. शॉक तिच्यावर आदळून प्रवाह भिंतीपासून सुटतो का, हे बघायचं असेल तरच सॉल्व्हरचे कष्ट वसूल होतात. आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे राइट इंटरव्हल (किती वेळाने निकाल साठवायचा) छोटा आणि स्टार्टफ्रॉमला लेटेस्टटाइम ठेवा, म्हणजे रन शेवटच्या साठवणीपासून पुढे चालू होतो. नाहीतर रात्रभराचा रन पाण्यात.

पाण्याचा टेबल दिसायला सगळ्यात झकास. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीच्या सिंचनाच्या पाटात उथळ पाणी वेगाने धावताना दगडापासून तिरक्या रेघा निघतात, तोच हा प्रकार. काचेवर ५ मिलिमीटर पाणी असेल तर लाटेचा वेग सेकंदाला २२ सेंटिमीटर. ४४ ने पाणी सोडलं की फ्राउड आकडा (पाण्याचा वेग भागिले लाटेचा वेग) २, मॅक २ चा जोडीदार. मात्र हे पाणी गॅमा (वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) २ असलेल्या वायूसारखं वागतं, हवेचा गॅमा १.४. त्यामुळे इथले कोन हवेचे म्हणून रिपोर्टात टाकू नका. प्रदर्शनाला टेबल ठेवायचा असेल तर खुशाल बनवा, पण काच लेव्हलमध्ये बसवणं आणि पाणी सगळीकडे सारख्या जाडीने सोडणं यातच बहुतेक वेळ जातो. सबमिशनला महिनाही उरला नसेल तर त्याच्या नादी लागू नका.