कोणते पाटील? कार्ड, कॉम्प्युटर की जगाची नामसूची

खान्देशातल्या कुठल्याही वाचनालयात जाऊन ‘एस. आर. पाटलांचं पुस्तक आहे का?’ असं विचारून बघा. समोरून हमखास येतं, ‘कोनता पाटील जोयजे तुले?’ शेतीवाले की कवितावाले, शहाद्याचे की चोपड्याचे? लेखकांची सूची करायची असो की प्रबंध लिहायचा असो, शोध कुठून सुरू करायचा हा पेच आधी सोडवावा लागतो. मी तिन्ही वाटांनी हिंडलोय.

पहिली वाट जुन्या कार्डांची आणि दाखलनोंद वहीची. मधून सळई गेलेला लाकडी खण, पिवळी पडलेली कार्डं. वडिलांचं नाव पूर्ण लिहिलेलं असेल तर निम्मं काम तिथेच होतं. एका तालुक्याच्या गावी मला ‘पाटील, एस. आर.’ची सात कार्डं ओळीने सापडली. त्यातल्या तीन कार्डांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘शिरपूर’, ‘मास्तर’, ‘वारले’. निवृत्त ग्रंथपाल नानांचा हात! ही माहिती कुठल्या कॉम्प्युटरात मिळणार? पण हा खण त्या एका इमारतीपुरताच, आणि दुपारी गेलात तर दाराला कुलूप.

दुसरी वाट कॉलेजांच्या ग्रंथालयातल्या ऑनलाइन सूचीची. ‘कोहा’ ही न्यूझीलंडमध्ये २००० साली आलेली मोफत प्रणाली आपल्याकडेही बऱ्याच ठिकाणी आहे. शोध झटपट होतो, पण नोंद करणाऱ्याने टिंबं आणि मोकळी जागा कशी दिली यावर सगळं अवलंबून. एकच माणूस तीन ठिकाणी विखुरतो, आणि उलट नावावर टिचकी मारली की कापसावरची कीड, मराठी व्याकरण आणि दम्यावरचे उपचार हे सगळं एकाच पाटलांनी लिहिल्यासारखं दिसतं. लेखकांच्या प्रमाणित नोंदी (म्हणजे एका माणसाचं एकच ठरवलेलं नाव) ठेवायची सोय कोहात आहे. मी पाहिलं तिथे ती रिकामीच होती.

तिसरी वाट ‘व्हीआयएएफ’ या जगाच्या ऑनलाइन नामसूचीची. देशोदेशीच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी केलेल्या लेखकांच्या नोंदी इथे एकत्र जोडलेल्या असतात, आणि नावापुढे बहुधा जन्मवर्ष असतं. त्या वर्षाची किंमत बघायची तर ‘बहिणाबाई’ घ्या. अभंग लिहिणाऱ्या संत बहिणाबाई १६२८–१७००, आणि ज्यांचं नाव जळगावच्या विद्यापीठाला आहे त्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १८८०–१९५१. आडनाव गाळलं की दोघी एकाच कप्प्यात.

त्याहून अवघड राजवाड्यांचं. धुळ्यात १९२६ साली वारलेले इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (दुसऱ्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ निघालं) आणि निरुक्तावर, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या ग्रंथावर, काम केलेले त्यांचे बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे. इंग्रजीत दोघेही ‘व्ही. के. राजवाडे’! इथे वडिलांचं नावही कामाला येत नाही. विषय बघा: इतिहासाची साधनं की वेदविद्या.

नामसूचीत शोधताना स्पेलिंगची एक खोच लक्षात ठेवा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतरात ‘पाटील’च्या शेवटी ‘ए’ येतो आणि ‘चौधरी’ नुसत्या ‘सी’ने सुरू होतो, ‘सीएच’ने नाही. आपल्या सवयीने टाइप केलं तर माणूस नाहीच असं वाटतं.

लेखक राज्यभर माहीत असेल तर थेट नामसूचीकडे जा. पीएचडीवाल्याला आधी ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात बघा, तिथे मार्गदर्शक आणि विद्यापीठ कळतं, ओळख पटायला तेवढं बहुतेकदा पुरतं. पण गावात छापलेलं, गावातच वाटलेलं पन्नास पानी पुस्तक असेल तर बस पकडा आणि खणापाशी जा. ऑनलाइन सूची मी फक्त पुस्तक कुठे आहे ते बघायला वापरतो, माणूस ओळखायला नाही. आणि तिन्हीकडे हात टेकले तर पुस्तक उघडून अर्पणपत्रिका आणि मनोगताखालचं गाव वाचा.

माझ्या सात कार्डांचे शेवटी चार पाटील निघाले. तिघांची गावं लागली, चौथे अजून शोधतोय. नानांनाही आठवत नाहीत.