ओलान्झापिन: सोळा महिने वापरल्यानंतर (आणि त्या सोळा किलोंविषयी)

गोळी काम करते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणी आपली गोळी बंद केली तर मला झोप लागणार नाही, आणि आमच्या घरात झोप न लागणं हा आता गमतीचा विषय राहिलेला नाही.

मी सांगलीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वय ३८, उंची पाच फूट एक इंच. निदान बायपोलर, म्हणजे मन कधी बेफाम वेगाने धावतं, कधी खचतं असा आजार. पहिला झटका आला तेव्हा मी आठवडाभर जेमतेम दोन-दोन तास झोपले, पतसंस्थेतली ठेव मोडली, शाळेच्या चारही भिंती स्वतःच्या खर्चाने रंगवायला काढल्या आणि मुख्याध्यापकांना रात्री दोनला फोन करून रंग कुठला हवा ते विचारलं. घरच्यांनी दवाखान्यात नेलं. रात्री ओलान्झापिन १० मिलिग्रॅम आणि सोबत मनाचा तोल सांभाळणारं लिथियम सुरू झालं. चौथ्या रात्री सात तास झोपले. पंधरा दिवसांत डोकं जागेवर आलं. त्या खात्यात या गोळीला पूर्ण गुण.

वजनाच्या खात्यात मात्र तिने मला लुटलं.

सुरुवातीला वजनाबद्दल कुणी काही बोललं नाही. डॉक्टरांनी झोप येईल, तोंड कोरडं पडेल, एवढं सांगितलं होतं. घरच्यांना मी माणसात आले याचाच आनंद इतका की मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या तर सासूबाई कौतुकाने तिसरी वाढायच्या. ‘लागतंय तिला, खाऊ दे.’ शेजारच्या मावशी म्हणाल्या, ‘बाळसं धरलंय गं!’ छत्तीस-सदतीस वर्षांच्या बाईने बाळसं धरणं ही काय चीज असते ते मला तेव्हा कळलं नाही.

ती भूक कशी असते ते नीट लिहिते, कारण ज्यांनी अनुभवली नाही त्यांना ‘तोंडावर ताबा ठेव’ एवढंच सुचतं. संध्याकाळी पोटभर जेवायचं, आठला गोळी घ्यायची आणि साडेनऊच्या सुमारास असं वाटायचं की सकाळपासून अन्नाचा कण पोटात गेलेला नाही. उपवासाच्या दिवशीची भूक वेगळी, तिला आपण समजावू शकतो. ही ऐकत नाही. शिळी भाकरी, गूळ-तूप, शेंगदाण्याची चटणी, मुलाच्या डब्यासाठी आणलेला बिस्किटपुडा, आणि मग डब्याच्या तळाची शेव बोटाने टिपून. पोट तुडुंब, तरी भूक तशीच. शाळेत पोषण आहाराची खिचडी मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखायची असते. माझं चाखणं पहिल्या महिन्यात वाटीभर आणि दुसऱ्या महिन्यात ताटभर झालं. खिचडी शिजवणाऱ्या ताई काही बोलल्या नाहीत, पण माझं ताट आधीच बाजूला काढून ठेवायला लागल्या.

आकडे देते. सुरुवातीचं वजन ५७.४ किलो. ते मला माहीत होतं ते केवळ नशिबाने, कारण त्याच आठवड्यात मुलांची उंची-वजनं घेताना गंमत म्हणून मीही काट्यावर उभी राहिले होते. पहिल्या महिन्याअखेर ६१. तीन महिन्यांनी ६६. सहा महिन्यांनी ७१. सर्वांत जास्त ७३.२, आठव्या महिन्यात. कंबर ७८ सेंटिमीटरवरून ९४ वर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० च्या वर गेली की धोका मोजायला लागतात, हे नंतर समजलं.

दुसरीतला एक पोरगा म्हणाला, ‘बाई, तुम्ही मोठ्या झालात.’ एवढं गोड त्या वर्षात दुसरं कुणी बोललं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीने हळूच विचारलं, ‘काही गोड बातमी?’ मी ‘नाही हो’ म्हणून वाण घेतलं आणि घरी येऊन रडले. ब्लाउज आधी एकदा उसवून घेतले, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी शिंपीणबाई म्हणाल्या, ‘मॅडम, आता आत मार्जिनच शिल्लक नाही.’

पाचव्या महिन्यात मी तो मूर्खपणा केला जो बरेच जण करतात. गोळी बंद केली, कुणाला न सांगता. लिथियम घेत होते, म्हटलं तेवढं पुरे. पहिले दोन दिवस भूक खरंच उतरली आणि मी खूश. पाचव्या रात्री झोप तीन तासांवर आली. नवव्या रात्री मिस्टर उठून बघतात तर पहाटे तीनला मी सगळी भांडी मांडणीवरून खाली घेऊन राखेने घासत बसलेली. राख कुठून आणली ते मलाही आठवत नाही, घरात चूल नाही. अकराव्या दिवशी पुन्हा दवाखाना. वजन त्या अकरा दिवसांत दीड किलो कमी झालं होतं. त्या दीड किलोची किंमत तीन आठवड्यांची बिनपगारी रजा.

त्यानंतर डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत माझं वजन केलं, कंबर मोजली आणि मागचे आकडे विचारले. मानसोपचाराच्या दवाखान्यात वजनकाटा असतो हे मी प्रथमच पाहिलं. त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत असं: ही गोळी मेंदूत डोपामिन नावाच्या निरोप्या रसायनावर काम करते, त्याने वेग उतरतो. पण ती तिथेच थांबत नाही. हिस्टामिन आणि सेरोटोनिन या आणखी दोन रसायनांचे काही रिसेप्टरही, म्हणजे ती जिथे चिकटतात त्या जागा, अडवते. सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते ती हिस्टामिन अडवल्यामुळे, तोच प्रकार इथे गुंगी आणि भूक दोन्ही आणतो. शिवाय साखर आणि चरबीचा हिशोबही बिघडवते. या जातीच्या औषधांत वजन वाढवण्यात क्लोझापिन आणि ओलान्झापिन सर्वांत पुढे, क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोन मधे, अ‍ॅरिपिप्राझोल आणि लुरासिडोन बरेच मागे. मी विचारलं, मग मला ते मागचं का नाही? ते म्हणाले, आत्ताच घसरून आला आहात, ज्या गोळीने सावरता तीच आता काढायची नाही. आधी काही महिने स्थिर राहा, मग मात्रा कमी करू किंवा बदलू. मला ते पटलं. पटलं म्हणजे राग आला, पण पटलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती कुणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर! सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के वाढ झाली की तिथेच डॉक्टरांशी बोलायचं. माझ्या बाबतीत पाच टक्के म्हणजे तीन किलोसुद्धा नाहीत. पहिल्याच महिन्यात मी ती रेघ ओलांडली होती. म्हणून नवीन गोळी सुरू होत असेल तर आधी वजन, कंबर, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड्स तपासून ते कागद जपून ठेवा, आणि पहिले तीन महिने दर आठवड्याला काट्यावर उभे राहा. वजन सर्वांत वेगाने चढतं ते याच काळात.

माझे त्या वेळचे अहवाल: उपाशीपोटी साखर १०४, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २१२. मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर. टीएसएच ही थायरॉईडची तपासणीही करायला लावली, कारण लिथियममुळे थायरॉईड मंदावू शकतं आणि तेही वजन वाढवतं. ती नॉर्मल आली. दोष एकट्या गोळीवर टाकायला मी मोकळी झाले.

पूर्णपणे मोकळी नाही म्हणा. लिथियमने तहान लागते आणि मी ती तहान उसाच्या रसाने, कोकम सरबताने आणि दिवसातून सहा चहांनी भागवत होते. ते बंद करून साधं पाणी आणि ताक सुरू केलं, एवढ्यानेच दोन आठवड्यांत फरक दिसला. इतका सोपा बदल सहा महिने सुचला नाही याची अजून लाज वाटते.

आता जे फसलं त्याबद्दल. जिऱ्याचं पाणी, मध-लिंबू: निरुपद्रवी आणि निरुपयोगी. मैत्रिणीच्या ग्रुपमधलं शेकचं पावडर: महाग, आणि शेक पिऊन वर जेवायचेच. आणि एक प्रकार जो नुसता फसला नाही तर अंगाशी आला. कुणीतरी सांगितलं, मीठ सोड, अंगातलं पाणी उतरेल. मी दहा दिवस अळणी जेवले. हात थरथरायला लागले, खडू धरता येईना, मळमळ सुरू झाली. मीठ एकदम कमी केलं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि रक्तातली पातळी चढते. माझी ०.७ वरून १.१ वर गेली होती. डॉक्टरांनी असं झापलं की मी वर्गात कुणाला झापलं नसेल. लिथियमवर असाल तर अळणी जेवण, निर्जळी उपवास, घाम काढणारे प्रकार, जुलाबाची चूर्णं, सगळ्यापासून लांब. हरतालिकेचा निर्जळी उपवास मी सोडला. आत्यांना (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो) वाटलं होतं त्यापेक्षा लवकर पटलं. म्हणाल्या, ‘देवीला तुझं पाणी पिणं दिसणार नाही एवढी ती कामात असते.’

सहाव्या महिन्यात मेटफॉर्मिन सुरू झालं. मधुमेहाचीच गोळी, पण अशा वजनवाढीसाठीही देतात. रात्रीच्या जेवणानंतर ५००, मग दोन वेळा. औषधाच्या दुकानातल्या मुलाने मोठ्याने विचारलं, ‘मॅडम, शुगर निघाली का?’ संध्याकाळपर्यंत गल्लीत मला शुगर होती. पहिले दोन आठवडे पोट बिघडलेलं. शाळेत दोन शौचालयं, त्यातलं एक कायम कुलूपबंद; पुढचं लिहीत नाही. जुलाब सांगितल्यावर लिथियमची पातळी पुन्हा तपासली, ती ठीक निघाली. तोंडाला धातूची चव महिनाभर राहिली. जेवणाच्या मध्येच गोळी घेतली तर त्रास कमी होतो, हे डॉक्टरांनीच सांगितलं. फार दिवस घ्यायची असेल तर बी-बारा तपासत राहायचं, शाकाहारी असाल तर नक्कीच. मेटफॉर्मिनकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. ते चार पावलं मागे ओढतं, पळवत नाही. माझी वाढ दोनेक महिन्यांत थांबली, आणि त्या काळात थांबणं हेच मोठं होतं.

खरा उपयोग कशाचा झाला? गोळीच्या वेळेचा. डॉक्टरांना विचारून आठची गोळी पावणेदहाला नेली, पलंगावर बसूनच घ्यायची. भूक जागी होईस्तोवर मी झोपलेली. दुसरं म्हणजे घरातल्या डब्यांचा. मी स्वतःच्या मनोबळावर विसंबणं सोडून दिलं. फरसाण-बिस्किटं घरात येणं बंद, मुलाला बाहेर खायला दहा-वीस रुपये. लाडवांचा डबा आत्यांच्या लोखंडी कपाटात, किल्ली त्यांच्या कनवटीला. सुरुवातीला अपमान वाटला. मग एका रात्री साडेबाराला मी स्वयंपाकघरात उभी होते आणि खाण्यासारखं फक्त कच्चे तांदूळ आणि काकडी होती. काकडी खाल्ली. झोपले.

जेवण कमी केलं नाही, बदललं. सकाळी दोन उकडलेली अंडी किंवा मटकीची उसळ, नाहीतर अकरा वाजता खिचडीवर हल्ला ठरलेला. भाकरी मोजून, उसळ न मोजता. शेंगदाणे मुठीने. खिचडी आता पुन्हा चमचाभर चाखते.

चालण्याबद्दल लोक उत्साहाने सांगतात, ‘पहाटे पाचला उठा.’ ही गोळी घेणाऱ्या माणसाला पहाटे पाचला उठा म्हणणाऱ्याने ती एकदा घेऊन बघावी. मी सातला उठते तीच मोठ्या कष्टाने. संध्याकाळी आयर्विन पुलापर्यंत आणि परत, साधारण चाळीस मिनिटं. पावसाळ्यात कृष्णा चढली की शाळेच्या व्हरांड्यात येरझाऱ्या. चालून किलो फार कमी झाले नाहीत, पण साखर उतरली आणि सकाळची जडावलेली मान हलकी झाली.

नवव्या महिन्यात १० वरून ७.५ आणि बाराव्या महिन्यात ५ मिलिग्रॅम झालं, दर वेळी झोपेची वही बघून. ७.५ वर आल्यावर भुकेचा सूर बदलला. आधी ती आरडाओरडा करायची, आता कुरकुरते. शेवटचे आकडे: वजन ६६.८, कंबर ८७, एचबीएवनसी ५.६, ट्रायग्लिसराइड्स १५८. म्हणजे सोळातले साडेसहा किलो गेले, साडेनऊ अजून अंगावर आहेत. जुने ब्लाउज एका पिशवीत बांधून माळ्यावर टाकलेत आणि सहा नवे शिवून घेतले, बसतील असे. वजन उतरेपर्यंत जुनेच ओढून-ताणून घालायचे, हा हट्ट सोडला त्या दिवशी मला बरं वाटलं.

गुण द्यायचेच तर: डोकं जागेवर आणण्यासाठी पाचपैकी पाच. शरीराशी वागणुकीसाठी पाचपैकी एक, तोही झोपेसाठी.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळी पोरं गेल्यावर मी वर्गाला आतून कडी लावते, चपला काढते आणि उंची-वजनाच्या काट्यावर उभी राहते. आकडा कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशोबाशेजारी. पुढच्या महिन्यात ५ वरून २.५ करायचं का, की बदलून दुसरी गोळी घ्यायची, यावर डॉक्टरांशी बोलायचं आहे. मला घाई नाही. मिस्टर मात्र अजूनही रात्री तीनला एकदा उठून मांडणीकडे नजर टाकून येतात.