'ग्रेट व्हाइट शंभर टक्के दिसणार' म्हणून आमचे ९० हजार घेतले

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. धाकट्या भावाला शाळेत असल्यापासून ग्रेट व्हाइट शार्क डोळ्यांनी बघायची ओढ. विहिरीत पोहायला शिकलेला पोरगा, पण समुद्रातल्या या माशाबद्दल विचाराल ते सांगेल. यंदा बेदाण्याला दर बरा मिळाला, तेव्हा दोघांनी जायचं ठरवलं. सांगलीत विश्रामबागेतल्या एका टूरवाल्याकडे गेलो. त्याचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

त्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. सील या समुद्री प्राण्याच्या मागे अख्खाच्या अख्खा पाण्याबाहेर उसळलेला शार्क. दक्षिण आफ्रिका नऊ दिवस, त्यातला एक दिवस गान्सबायला पिंजऱ्यातून शार्क बघायचा. "दादा, ग्रेट व्हाइट शंभर टक्के. आपली एकही बॅच हुकलेली नाही." शार्कचे मात्र माणशी ४५ हजार वेगळे आणि रोख. बिलात घेतले तर टीसीएस (पैसे घेतानाच कापला जाणारा आगाऊ प्राप्तिकर) लागेल, रोखीत तुमचंच वाचतंय, असं म्हणाला. इथेच उठून यायला हवं होतं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस घेणं हे आयोजकाचं काम आहे. तो आपल्या पॅनवर जमा दिसतो आणि रिटर्न भरताना वळता करून मिळतो. म्हणजे रोखीत आमचं काहीच वाचत नव्हतं, फक्त त्याने ते पैसे घेतल्याचा पुरावा राहत नव्हता. पावतीवर त्याने 'साइटसीइंग' एवढंच लिहिलं.

केपटाऊनहून पहाटे निघालो. गान्सबाय तिथून गाडीने दोनेक तास. शेजारच्या क्लाइनबाय बंदरातून बोटी सुटतात. बोटीच्या ऑफिसात आमची नावं सांगितली. काउंटरवरच्या बाईंनी यादी वरून खाली बघितली, पुन्हा बघितली आणि स्क्रीनच आमच्याकडे वळवली. आमच्या नावाने चौकशीचा एक मेल आला होता. पैसे भरलेलेच नव्हते.

भावाचं तोंड बघवत नव्हतं. मी कार्डाने पुन्हा पैसे भरले. ते घेण्याआधी त्या बाईंनी मागच्या भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवलं. आदल्या दिवशी काय काय दिसलं ते खडूने लिहिलं होतं, ग्रेट व्हाइटसमोर शून्य. "एखादा कधीतरी दिसतो. खात्री देत नाही," असं त्या स्पष्ट म्हणाल्या. जे त्यांनी पैसे घेण्याआधी सांगितलं, ते आमच्या गावच्या माणसाने पैसे घेऊनही लपवलं.

कारण तिथे सगळ्यांना माहीत आहे. २०१७ मध्ये या किनाऱ्यावर ग्रेट व्हाइट मरून लागायला लागले, शरीर बरंचसं शाबूत पण आतलं यकृत गायब. हे ऑर्कांच्या, म्हणजे किलर व्हेलच्या, एका जोडीचं काम. पाठीवरचा पर एकाचा डावीकडे झुकलेला, दुसऱ्याचा उजवीकडे, म्हणून त्यांना पोर्ट आणि स्टारबोर्ड म्हणतात. त्यानंतर ग्रेट व्हाइट इथून निघून गेले. समोर गायझर रॉकवर सीलचा प्रचंड कळप अजून आहे, त्यांना खायला येणारा शार्क नाही. आम्हाला दाखवलेल्या उसळ्यांसाठी केपटाऊनजवळचा फॉल्स बे हा उपसागर प्रसिद्ध होता. २०१९ च्या अख्ख्या वर्षात तिथे एकाही ग्रेट व्हाइटची खात्रीशीर नोंद झाली नाही. टूरवाल्याचे व्हिडिओ त्याआधीचे.

आम्ही पिंजऱ्यात उतरलो. पिंजरा बोटीलाच बांधलेला असतो, डोकं पाण्याबाहेर राहतं, डायव्हिंगचं शिक्षण लागत नाही. जाड वेटसूट असूनही पाणी मानेतून आत शिरलं की दातावर दात वाजतात. वरून "डाउन!" अशी हाक आली की श्वास रोखून खाली जायचं. दोरीला बांधलेल्या माशाच्या मुंडक्यामागे एक तांबूस, माणसापेक्षा लांब शार्क आला आणि माझ्या हातापासून वीतभर अंतरावरून वळला. तो ब्रॉन्झ व्हेलर, शार्कचीच दुसरी जात. देखणा प्राणी, त्याच्याबद्दल तक्रार नाही. भाऊ वर आला तेव्हा मास्क काढून म्हणाला, "अण्णा, हा तो न्हवं."

परत आल्यावर टूरवाला म्हणतो, निसर्ग कुणाच्या हातात आहे का! शार्क निसर्गाच्या हातात, पण बुकिंग तर त्याच्या हातात होतं. 'शंभर टक्के' लिहिलेला त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आणि बोटवाल्यांचा लेखी मेल जोडून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती देता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र द्यावी लागते. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली होती.

ज्यांना खरंच ग्रेट व्हाइटच बघायचाय त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनची चौकशी करावी, तिथून नेपच्यून बेटांकडे बोटी जातात. मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाचं पॅकेज कुणी विकत असेल तर घेऊ नका, तिथलं केज डायव्हिंग सरकारने २०२३ मध्ये बंद केलंय. आणि कुठेही जायचं असलं तरी बोटवाल्यांना स्वतः मेल करून आपल्या नावावर पैसे भरलेत का, एवढं विचारा. एका ओळीचं काम आहे.

परवा कवठेमहांकाळच्या दोघांचा फोन आला. याच टूरवाल्याकडे पुढच्या बॅचचे पैसे भरलेत, तेही रोख. त्यांना मेल करायला लावला. काल रात्री उत्तर आलं, त्यांच्याही नावावर काही नाही.