छोट्या समुद्री टाकीतला गाळ: नळी, सिरिंज की बॅटरीचा क्लीनर?

खाऱ्या पाण्याच्या मासे पाळायच्या टाकीत तळाशी साचलेला गाळ काढायचं साधन निवडताना मी आधी एकच गोष्ट बघतो: गाळाबरोबर खारं पाणी किती जाणार? वाफ होऊन कमी झालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालता येतं, कारण मीठ टाकीतच राहतं. उपसलेल्या पाण्याबरोबर मात्र मीठही जातं. रत्नागिरी-मालवणात समुद्र दारात असला, तरी पावसाळ्यात नद्यांचं पाणी मिसळून किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि कमी खारट होतं. तेव्हा विकतच्या समुद्री मिठाचंच पाणी करावं लागतं.

४०-५० लिटरच्या टाकीला माझी पसंती बारीक नळीला. एअर पंपाची साधी नळी प्लॅस्टिकच्या कडक काडीला बांधायची, म्हणजे टोक हवं तिथे नेता येतं. बादली टाकीपेक्षा खाली ठेवायची आणि नळी आधी पाण्याने भरून घ्यायची; तोंडाने ओढू नये. टोक वाळूच्या सेंटिमीटरभर वर धरलं, की तपकिरी पापुद्रा उचलला जातो आणि वाळू जागेवर राहते. चिमटीत नळी दुमडली की प्रवाह थांबतो, मग निवांत पुढचा कोपरा. पाच लिटर पाणी जाईपर्यंत बराच तळ साफ होतो, आणि तेवढं पाणी एरवीही बदलायचंच असतं. जाड नळीने हेच पाच लिटर बघता बघता बादलीत जातं, निम्मा गाळ तिथेच. नळीला वीज लागत नाही, हे पावसाळ्यात लाईट जाणाऱ्या गावांत फार सोयीचं.

नळीला दगडांच्या फटी जमत नाहीत. तिथे मेडिकलमध्ये मिळणारी ६० मिलीची सिरिंज घ्या, सुई न लावता. ती दोन तऱ्हांनी चालते: दिसणारा गाळ थेट ओढून घ्या, किंवा पंप चालू ठेवून फटींत पाण्याचा फवारा मारा. फवारा मारला तर उडालेला गाळ फिल्टरच्या स्पंजात अडकू द्या आणि तो स्पंज त्याच दिवशी धुवा. स्पंज तसाच ठेवला तर गाळ नुसता जागा बदलतो. तिथेही तो कुजून माशांना घातक अमोनिया आणि पुढे त्याचं नायट्रेट तयार होतच राहतं.

बॅटरीचा क्लीनर दुकानात मोहात पाडतो, कारण पाणी गाळून परत टाकीत सोडतो. पण समुद्री टाकीतला गाळ फार बारीक असतो. जाळीतून तो पुन्हा पाण्यात येतो. शिवाय खाऱ्या पाण्याने बॅटरीची टोकं गंजतात. पाणी वाचवायचंच असेल, तर बादलीवर दुहेरी मलमल बांधून नळीचं पाणी त्यातून गाळा आणि परत ओता. गाळ बराचसा जातो, विरघळलेलं नायट्रेट मात्र राहतं, त्यामुळे हा उपाय अडीनडीलाच.

गोगलगायी, शंखखेकडे उरलेलं खाणं आणि शेवाळ खातात, पण त्यांची विष्ठा शेवटी गाळातच जमा होते. त्यांना मदतनीस म्हणून ठेवा, नळीऐवजी नको. आणि त्यांच्यासाठी किनाऱ्यावरून प्रवाळाचा दगड उचलून आणू नका. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

टाकी नवी, वाळूचा थर दोन-तीन सेंटिमीटर आणि दगड मोजकेच असतील, तर एकटी नळी पुरते. दगड जास्त असतील तर सिरिंज जोडीला घ्या. थर जाड असून काचेतून काळे पट्टे दिसत असतील, तर कुठलंही साधन खोलवर घालू नका: तिथे सडक्या अंड्याच्या वासाचा, माशांना घातक हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. अशा टाकीत फक्त वरचा गाळ ओढा.