प्रकाश वळवायचा कशाने? साधा आरसा, पुढून मुलाम्याचा आरसा की प्रिझम

पेरिस्कोप किंवा न्यूटनची (आरशाने प्रकाश गोळा करणारी) दुर्बीण स्वतः बांधायला घेतली की हा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येतो.

साध्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो. त्यावर पेन्सिलीचं टोक टेकवा. टोक आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसेल; ती काचेच्या जाडीमुळे. शिवाय काचेची पुढची बाजूही सुमारे 4 टक्के प्रकाश परतवते, त्यामुळे मुख्य प्रतिमेशेजारी एक फिकट जुळी प्रतिमा उमटते. चेहरा बघताना ती जाणवत नाही, पण दुर्बिणीत एका ठळक ताऱ्याचे दोन दिसतात. पुठ्ठ्याच्या पेरिस्कोपला किंवा सूक्ष्मदर्शकाखाली उजेड पाडायला हा आरसा पुरतो. प्रतिमा मोठी करून बघायची असेल तिथे तो नकोच.

पुढून मुलामा असलेल्या आरशात पेन्सिलीचं टोक प्रतिबिंबाला थेट भिडतं. अ‍ॅल्युमिनियमचा थर दृश्य प्रकाशापैकी सुमारे 90 टक्के परतवतो. चांदी 95 च्याही पुढे जाते, पण हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी काळवंडते. प्रत्येक आरशागणिक तूट वाढते, हे विसरू नका: 90 टक्क्यांच्या दोन आरशांनंतर 81 टक्के उरतात, तीननंतर 73. खरी अडचण मात्र निगा राखण्याची आहे, कारण थर उघडा असतो. माझ्या पहिल्या आरशावरची धूळ मी मऊ सुती कापडाने पुसली आणि दिवा तिरपा धरला, तर सगळीकडे बारीक ओरखडे! तेव्हापासून धूळ रबरी फुग्याच्या हवेनेच उडवतो.

प्रिझमला हा त्रास कमी. काचेचा सीमांत कोन (ज्याहून तिरपा पडलेला प्रकाश काचेबाहेर निघतच नाही) साधारण 42 अंश, त्यामुळे 45 अंशांनी आलेला प्रकाश आतूनच पूर्ण परावर्तित होतो. मुलामाच नाही, तर काळवंडणार काय? हातात वागवायच्या द्विनेत्री दुर्बिणींत प्रिझम असतात ते उगाच नव्हे. पण आत शिरताना आणि बाहेर पडताना, परावर्तन कमी करणारा लेप नसेल तर, प्रत्येकी 4 टक्के प्रकाश जातो. प्रकाश जिथून परततो त्या तिरप्या बाजूवर बोटाचा तेलकट ठसा उमटला की तिथलं परावर्तनही बिघडतं. आकार वाढला की वजनही झपाट्याने वाढतं.

न्यूटनच्या दुर्बिणीत दुय्यम आरशासाठी (प्रकाश बाजूला डोळ्याकडे वळवणारा छोटा आरसा) मी डोळे झाकून संरक्षक लेप असलेला अ‍ॅल्युमिनियमचा आरसा घेईन. धुळीत, हाताळणीत वापरायच्या छोट्या पेरिस्कोपसाठी प्रिझम. आरसा मागवताना चकाकीआधी सपाटपणा विचारा: उंचसखलपणा प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव भागाहून जास्त नको.