व्हीएस कोड आणि लाटेक वर्कशॉप: मराठी गणिताच्या पेपरांसाठी वापरल्यावर

नौपाड्यात आमचा दहावीचा गणिताचा क्लास आहे. निम्मी मुलं मराठी माध्यमाची, निम्मी सेमीची. त्यामुळे प्रत्येक सराव पेपर दोन भाषांत काढावा लागतो, बीजगणित ४० गुणांचं आणि भूमिती ४० गुणांची. जूनपासून हे सगळे पेपर मी लाटेकमध्ये करतोय, म्हणजे मजकुरात खुणा लिहून त्यावरून छापायची पीडीएफ काढणाऱ्या प्रणालीत. लिहायला व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा एडिटर आणि त्यात लाटेक वर्कशॉप हे एक्स्टेन्शन, म्हणजे जोडप्रोग्राम. दिवाळीच्या सुट्टीत सवड मिळाली म्हणून लिहितो आहे. एक्स्टेन्शन उत्तम आहे. पण मराठीत लिहिणाऱ्याची खरी कसोटी एक्स्टेन्शनमध्ये लागत नाही, ती फॉन्ट आणि कीबोर्डपाशी लागते.

आधी इन्स्टॉलेशन. एक्स्टेन्शन टाकलं म्हणजे लाटेक आलं, असं नाही. ते मुकादमाचं काम करतं: फाइल सेव्ह केली की लेटेकएमकेला (लाटेक लागेल तितक्या वेळा चालवणाऱ्या प्रोग्रामला) कामाला लावतं, लॉग वाचून चुका खालच्या प्रॉब्लेम्स पट्टीत मांडतं आणि पीडीएफ शेजारच्या टॅबमध्ये ताजी करतं. अक्षरजुळणी करणारं टेक लाइव्ह किंवा मिकटेक तुम्हीच आणायचं. पूर्ण टेक लाइव्ह काही जीबींचं आहे, रात्री लावून झोपावं. मिकटेक आटोपशीर आहे, लागेल तसं पॅकेज उतरवून घेतं. पण लेटेकएमके पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे आणि विंडोजवर मिकटेकसोबत पर्ल येत नाही, ते वेगळं टाकावं लागतं. टेक लाइव्हच्या विंडोज आवृत्तीत त्याची सोय आतच असते, म्हणून मी तेच घेतलं. टाकून झाल्यावर व्हीएस कोड बंद करून परत उघडा, नाहीतर त्याला लेटेकएमके सापडत नाही.

आता रेसिपी, म्हणजे पीडीएफ काढताना कोणता प्रोग्राम चालवायचा ते सांगणारी नोंद. मूळ रेसिपी पीडीएफलाटेकची आहे आणि मराठीला तिचा उपयोग नाही. झीलाटेक किंवा लुआलाटेक हे इंजिन हवं. दोन्हींच्या रेसिपी यादीत तयार असतात, डावीकडच्या टेक पट्टीतून निवडायच्या. सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट रेसिपी 'लास्ट यूज्ड' केली की रोज निवडावी लागत नाही. फाइलीच्या पहिल्या ओळीत कॉमेंट टाकून प्रोग्राम ठरवायची जुनी पद्धत इथे मुळात बंद ठेवलेली असते. अनेक जुन्या मार्गदर्शनांत तीच दिलेली आहे, म्हणून सांगितलं.

फॉन्ट ठरवणाऱ्या फॉन्टस्पेक पॅकेजमध्ये स्क्रिप्ट देवनागरी लिहिणं तर आलंच, पण लँग्वेज मराठी हेही लिहा. शासनाच्या वर्णमालेत ज्यांना देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल म्हटलंय, ती रूपं अनेक फॉन्टांत असतात, पण भाषा सांगितल्याशिवाय बाहेर येत नाहीत. ती आली नाहीत तर 'लसावि' हिंदी वळणाचा दिसतो. लुआलाटेक वापरणार असाल तर रेंडरर (अक्षरांची रूपं जुळवणारा भाग) हार्फबझ असंही लिहायचं, नाहीतर जोडाक्षरं आणि वेलांट्या बिघडू शकतात. मी मजकुराला टिरो देवनागरी मराठी लावतो. देखणा आहे, पण त्यात बोल्ड नाही. मथळ्यांना म्हणून मुक्त, ज्याची सात वजनं मिळतात. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतात. त्यामुळे झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर आपला फॉन्ट नसला तरी काही अडत नाही. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टांतले पेपर घेऊन दुकानादुकानांत फिरलेल्याला याची किंमत कळेल.

खरा त्रास कीबोर्डचा. मी इनस्क्रिप्टवाला, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्डवर टाइप करणारा. इनस्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅशच्या जागी ॉ आहे, महिरपी कंसांच्या जागी ढ आणि ञ. डॉलर दाबला की रफार, टक्क्यावर ज्ञ, घाताच्या टोपीवर त्र, अँपरसँडवर क्ष आणि अधोरेषेवर विसर्ग. लाटेकला जी चिन्हं लागतात नेमकी तीच गेली! विंडोज आणि स्पेस दाबून कीबोर्ड बदलत राहायचं म्हटलं तर एका वर्गसमीकरणाला चार वेळा बदलावा लागतो. एक्स्टेन्शनची शब्दपूर्ती फार छान आहे, पण ती बॅकस्लॅश टाइप केल्यावर जागी होते आणि आपल्याकडे बॅकस्लॅशच नाही. यावर व्हीएस कोडनेच तोड दिली. कीबाइंडिंग्जच्या फाइलीत एफ-कींना स्निपेट, म्हणजे मजकुराचे तयार तुकडे, जोडता येतात आणि एफ-की कुठल्याही कीबोर्डवर तीच राहते. एफ-९ एरवी ब्रेकपॉइंटसाठी (प्रोग्राम मधेच थांबवायच्या खुणेसाठी) असते, प्रश्नपत्रिकेत ब्रेकपॉइंट कशाला लागतोय! तिच्यावर मी नवा प्रश्न बसवला, शेजारच्या दोन कींवर गणिती चौकट (सूत्र लिहायची जागा) आणि अपूर्णांक.

एवढं करूनही आकड्यांकडे लक्ष ठेवावं लागतं. गणिती चौकटीत देवनागरी ५ पडला तर गणिताच्या फॉन्टात तो नसतो. पीडीएफ बिनबोभाट तयार होते आणि आकड्याच्या जागी कोरी जागा राहते. प्रॉब्लेम्स पट्टीत 'मिसिंग कॅरेक्टर'ची सूचना येते, पण ती पिवळी, आणि पिवळ्या सूचना कोण वाचतो? फाइलीत ट्रेसिंगलॉस्टकॅर्स ही सेटिंग ३ केली की तीच गोष्ट लाल एरर होते. टेक लाइव्ह २०२१ पासून ही सोय आहे. ही ओळ प्रत्येक पेपरात ठेवा.

दुसरी गंमत 'दुसऱ्या'ची. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्तावाल्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र् नंतर न दिसणारा जोडक टाकून. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक सापडतो, दुसरा नाही. व्हीएस कोड न दिसणाऱ्या अक्षरांभोवती पिवळी चौकट काढतो. पहिल्यांदा कटकट वाटते, पण मुलांकडून किंवा व्हॉट्सॲपवरून आलेला मजकूर एकसारखा करताना ती कामी येते. मी ती बंद केली नाही.

पेपरांसाठी एक्झाम हा डॉक्युमेंट क्लास, म्हणजे लाटेकचा तयार साचा, घ्या. प्रश्नापुढे गुण लिहिले की बेरीज तो करतो, उत्तरं त्याच फाइलीत राहतात आणि एका ओळीने छापली किंवा झाकली जातात. 'पॉइंट्स'च्या जागी 'गुण' करता येतं. पीडीएफमध्ये कंट्रोल दाबून प्रश्नावर क्लिक केलं की एडिटर नेमक्या त्या ओळीवर येतो. मला सगळ्यात जास्त आवडलेली सोय हीच. आमच्याकडे भूमिती शिकवणाऱ्या मॅडम मॅक वापरतात. फोल्डरसोबत सेटिंग्जची फाइल दिली तर त्यांच्याकडेही तोच पेपर तसाच निघाला. फक्त फॉन्ट टाकावे लागले.

उणिवा आहेत. शुद्धलेखन तपासणीसाठी लोक जे लँग्वेजटूलवर चालणारं एक्स्टेन्शन सुचवतात त्यात मराठी नाही, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनीच बघायचं. फोल्डरमध्ये लॉगबिगच्या फाइलींचा पसारा होतो. आपोआप साफसफाई मुळात बंद असते, ती चालू करा. आणि ज्याला वर्षातून एखादंच पत्र काढायचंय त्याने या वाटेला जाऊ नये, त्याला वर्ड पुरे.

टेक लाइव्हची नवी आवृत्ती साधारण मार्चच्या सुमारास येते आणि जुन्या वर्षाचे अपडेट थांबतात. पण थांबले म्हणून काही बंद पडत नाही, जुनं चालतच राहतं. तेव्हा बोर्डाच्या परीक्षेच्या धामधुमीत नवं टाकायला बसू नका. मे महिना मोकळा असतो.