दोन बाजू, तीन फेऱ्या आणि एक काळी रेघ : एडीएफवाल्या मशीनचा वापरानंतरचा अनुभव

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. रिव्हर्सिंग एडीएफ (गठ्ठ्यातला एकेक कागद आपोआप ओढून, उलटवून दोन्ही बाजू स्कॅन करणारा वरचा फीडर) असलेल्या बहुतेक ऑल-इन-वन मशीनना हे थोड्याफार फरकाने लागू आहे. प्रिंट झकास, वाय-फाय ठीक, टोनर महाग, विषय संपला.

आमच्या ऑफिसात खरेदीखतं आणि भाडेकरारांचा ढीग, बरेचसे कागद पाठपोट. खोक्यावर ‘टू-साइड स्कॅन’ वाचून मशीन घेतलं. बाजू दोन, पण हे कागदाला फिरवतं तीनदा! पिकअप रोलर वरचा कागद ओढतो, समोरचं रबरी पॅड त्याला चिकटून निघालेला दुसरा कागद अडवतं. पहिली बाजू काचेवरून जाते. कागद बाहेर आलाच म्हणून हात पुढे करावा, तर त्याची शेपटी रोलरच्या चिमटीत असतानाच रोलर उलटा फिरतो आणि कागद परत आत. दुसरी बाजू होते. आता तरी सोडावं ना? नाही. आणखी एक फेरी, तीही काहीच स्कॅन न करता. वीज माझी, रबर माझं.

पहिले काही आठवडे मी या तिसऱ्या फेरीला मनसोक्त शिव्या घातल्या. मग आमच्या ऑफिसातल्या काकूंनी एक जाडजूड खत स्कॅन करून थेट टॅग लावला. पानं ओळीने होती. दोन फेऱ्यांतच कागद सोडला असता तर पहिलं पान तळाशी पालथं न पडता उताणं पडलं असतं आणि गठ्ठा उलटा लागला असता. तेव्हा शिव्या मागे. तरी जुने, घडीवर विरलेले दस्तांचे लेजर पेपर यात घालू नका. तीन फेऱ्या म्हणजे फाटायच्या तीन संधी. ते सरळ झाकण उघडून मोठ्या काचेवर ठेवा.

खरा वाद रेघेवरून झाला. प्रत्येक पानावर, दोन्ही बाजूंना, वरून खालपर्यंत बारीक काळी रेघ. सर्व्हिसवाला म्हणाला, “साहेब, स्कॅनर युनिट गेलं.” आकडा ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. पण मोठ्या काचेवर तोच कागद स्वच्छ येत होता! युनिट तेच, मग गेलं कसं? एडीएफमध्ये दिवा एका जागी थांबतो आणि कागद सरकतो, म्हणून डावीकडच्या बोटभर रुंद काचपट्टीवरचा एक ठिपका अख्ख्या पानभर रेघ ओढतो. नख फिरवलं तर खरखर लागली. वाळलेला व्हाइटनर! किंचित ओल्या मऊ फडक्याने निघाला. सर्व्हिसवाल्याने व्हिजिट चार्ज मात्र घेतलाच.

पावसाळ्यात दोन-दोन कागद एकदम जायला लागले. दमट कागद एकमेकांना धरून बसतात, त्यात पॅड गुळगुळीत झालेलं. गठ्ठा फडफडवून, कडा जुळवून थोडे थोडे कागद लावले की बरंच निभावतं. दोन कागद एकदम गेले तर हे मशीन चूं करत नाही, त्यामुळे पानं मोजणं आलंच. महागड्या स्कॅनरमध्ये त्यासाठी अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो.

सिंगल-पासवाल्यात दोन सेन्सर, एकाच फेरीत दोन्ही बाजू. रोज शेकडो पानं असतील तर तेच घ्या. आमचं काम तेवढं नाही आणि किमतीतला फरक मला पचत नाही. सध्या फक्त पॅड हवंय, तर डीलर म्हणतो, “सुटं मिळत नाही, पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल.” मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी चालू आहे.